कारंज्याचा पंप

मे लागला की आमच्या सोसायटीत कूलर खाली उतरतात. कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या गॅलरीतल्या अडगळीतून. पत्र्याचा गंज खरवडायचा, जाळीतलं जुनं कुजकं गवत उपटून फेकायचं, नवा वाळा भरायचा, छोटा पंप बादलीत बुडवून चालतोय का ते बघायचं. मग संध्याकाळी पहिलं पाणी सोडतात आणि सगळ्या जिन्याभर ओल्या वाळ्याचा वास सुटतो. या वासानं माणसं हळवी होतात असं मी ऐकलंय. कुणाला आजोळ आठवतं, कुणाला सरबत. माझ्या मात्र डोक्यात तिडीक जाते. मी खिडकी लावून घेते आणि सुहासला सांगते, आपल्या कूलरला या वर्षीही लाकडाचा कीसच भर, वाळा नको.

सुहास कीस आणतो. नवरा आहे माझा, त्याला कारण माहीत नाही आणि मी सांगितलेलं नाही.

उन्हाळ्याचं कौतुक करणारे लोक पुण्यात राहतात. आंबे, मोगरा, अंगणातली झोप वगैरे. त्यांना जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गाझियाबादला आणून सर्वांत वरच्या मजल्यावर ठेवावं, छत तापलेलं असावं आणि लाइट गेलेली असावी. मग करा म्हणावं कौतुक. इथं दुपारी नळ सोडला तर टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. दाराची कडी फडक्यानं धरावी लागते. बाहेर लूचा तापलेला वारा चालतो आणि आत माणसं एकमेकांवर चालून जातात, कारण दुसरं करण्यासारखं काही नसतं. आंधी येते तेव्हा वाटतं, चला, आता पाऊस पडेल. पडत बिडत काही नाही. गादीवर, ताटात आणि दातांत धूळ येते, बस्स.

अशाच एका उन्हाळ्याचं सांगतेय. दहा-बारा वर्षं झाली असतील.

घरात आम्ही चौघं होतो. मी, सुहास, पहिलीतली ओवी आणि माझे सासरे, नाना. नाना केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्यात इंजिनियर होते. बदल्या झाल्या, पण नोकरीची शेवटची बरीच वर्षं दिल्लीतच गेली, आणि आमच्या लग्नाच्या वर्षी सासूबाई गेल्यावर ते सांगलीचं घर बंद करून आमच्याकडे आले ते कायमचे. उंच, ताठ, आणि कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. माझं तर बिल्कुलच नाही. मी जन्मानं दिल्लीची. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकले, घरी मराठी, बाहेर पाय टाकला की हिंदी. माझं मराठी नानांना मोडकं वाटायचं. जेवताना मी ‘अच्छा’ म्हटलं की त्यांचा घास थांबायचा. मी खस म्हणायचे, ते म्हणायचे, वाळा म्हण. लग्नाला सात वर्षं झालेल्या बाईला रोज पानावर बसून शब्द सुधारून घ्यावे लागले की कसं वाटतं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

उन्हाळ्यात घरातलं एकच काम नाना स्वतः करायचे. माठ. तो घासायचा त्यांनी, भरायचा त्यांनी, आणि त्यात वाळा टाकायचा तोही त्यांनीच. वाळ्याची मुळं धुवायची, मलमलच्या जुन्या धोतराचा तुकडा फाडायचा, पुरचुंडी करायची आणि वर पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारायची. गाठही त्यांची खास, दोन फेरे उलटे आणि एक सुलटा, मग दात लावून ओढायची. ती हातानं सुटायची नाही, कापावी लागायची. सासूबाई असताना हे काम त्यांचं होतं म्हणे. त्या गेल्यावर दुसऱ्या कुणाला माठाला हात लावू दिला नाही त्यांनी. मी एकदा भरायला गेले तर म्हणाले, तुला जमणार नाही, तू फ्रिजवाली.

आता माझं काम. न बांधलेल्या इमारती मी कॉम्प्युटरवर उभ्या करते. बिल्डरला, डॉक्टरला, सरकारला दाखवायला फिल्म लागते ना, दारातून आत शिरतोय, जिना चढतोय, खिडकीतून ऊन येतंय अशी, ती. लग्नाआधी नोकरी करत होते. ओवी झाली, सोडली. सहा वर्षं घरी. आणि त्या उन्हाळ्यात गुडगावच्या एका स्टुडिओनं मला घरबसल्या एका मोठ्या हॉस्पिटलची फिल्म करायला दिली. तिथल्या मॅडम स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सांगितलं, आमची मशीनं भरलेली आहेत, तू तुझ्या मशीनवर जूनअखेर करून दे, नीट झाली तर टीम तुझ्या हाताखाली देते.

मला ती नोकरी हवी होती. ‘हवी होती’ हा फार साधा शब्द झाला. मला त्या घरातून रोज सकाळी नऊ वाजता बाहेर पडायला एक कारण हवं होतं. नानांच्या खुर्चीसमोरून पर्स खांद्याला लावून जायचं होतं, आणि ते काही विचारतील तर ‘ऑफिसला’ एवढंच सांगायचं होतं. झोपताना मी ते वाक्य मनात म्हणून बघायचे.

पण फिल्म बनवायची म्हणजे मशीनला दिवसेंदिवस एकाच दमात राबावं लागतं. एकेक चित्र रंगवायला त्याला वेळ लागतो आणि चित्रं हजारो. राबतं तेव्हा तापतं. आतले पंखे थंड हवा मारतात, पण खोलीतच थंड हवा नसेल तर ते तरी काय मारणार. मेमध्ये माझं मशीन दुपारी बंद पडायला लागलं. तापलं की ते स्वतःला वाचवायला आपोआप बंद होतं, केलेलं काम गेलं. आणि पंख्यांचा आवाज एवढा की नाना दाराशी येऊन विचारायचे, घरात पिठाची गिरणी काढली आहेस का.

म्हणून पाणी. नेहरू प्लेसमध्ये एका दुकानात गेले, माहिती काढली, घरी येऊन वाचलं, परत गेले. तापणाऱ्या प्रोसेसरवर तांब्याचा एक चपटा ठोकळा बसवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याच्या पोटात केसांच्या फणीसारख्या बारीक बारीक फटी. त्या फटींतून पाणी जातं, उष्णता उचलतं, बाहेर रेडिएटरमध्ये येतं, तिथं पंखा त्याला निववतो, परत पंपाकडे. गोल गोल. दुकानात मिळणारी पाण्याची टाकी अगदीच एवढीशी होती, म्हणून मी एक झाकणाचा पांढरा प्लॅस्टिकचा डबा घेतला, टेबलाखाली ठेवला, पंप त्यात बुडवला. पाणी जास्त असलं की तापायला वेळ लागतो. नळीमध्ये एक पारदर्शक काचेची डबी होती, आत लाल फिरकी. पाणी वाहिलं की ती फिरते. पडद्यावरच्या तापमानाच्या आकड्यांपेक्षा माझा तिच्यावर जास्त भरवसा होता. मान वळवली की दिसायची.

पंप निवडताना मी भरपूर डोकं घातलं होतं. पंपाच्या खोक्यावर दोन गोष्टी छापलेल्या असतात, तासाला किती पाणी आणि किती उंच. बघणाऱ्याला वाटतं, दोन्ही एकदम मिळतील. मिळत नाहीत. जेवढं उंच चढवाल तेवढं पाणी कमी, आणि छापलेल्या शेवटच्या उंचीवर तर थेंब येत नाही. कूलरचा पंप घ्या, भरपूर पाणी देतो, पण त्याच्यात जोर नाही. बारीक फटींतून त्याला ढकलायला सांगा, जागच्या जागी पाणी घुसळत बसेल आणि वर स्वतःच्या मोटरची गरमी त्यातच सोडेल. आणि जोर हवा म्हणून वाटेल तेवढा मोठा घेऊनही उपयोग नाही. एका मर्यादेपर्यंत पाणी वाढवलं की फरक पडतो, त्यापुढे पाणी दुप्पट धावलं तरी प्रोसेसर एखाद-दुसऱ्या अंशानंच उतरतो. जोर मात्र सगळा नळ्यांच्या जोडांवर येतो. मी मधला घेतला, लहानसा, मुंगीच्या पावलानं चालणारा, आवाज नाही.

हा जो जोर, त्याला हेड म्हणतात. हा शब्द मी नेटवर नाही शिकले. नानांकडून शिकले, पोळीभाजीबरोबर, सात वर्षं. त्यांची एक गोष्ट होती, आठवड्यातून एकदा तरी व्हायचीच. कुठल्याशा कॉलनीत पाणी येत नव्हतं. लोक ओरडत होते, मोटर मोठी लावा. दिल्लीत कुणालाही विचारा, पाण्याच्या प्रत्येक दुखण्यावर हे एकच औषध, मोटर मोठी लावा. ज्युनियरनं ऐकलं, लावली. लाइन आतून चोक होती. पाण्याला पुढे वाट नाही आणि मागून रेटा, मग चढावरचा जोड फुटला आणि रस्ताभर तळं. नानांनी जाऊन खणायला लावलं तर पाइपात पोत्याचे तुकडे अडकलेले. इथं ते पाण्याचा पेला खाली ठेवायचे आणि म्हणायचे, पाणी कमी आलं तर आधी वाट तपासावी, मग मोटर. ज्युनियरला कसा फैलावर घेतला तेही मग सविस्तर यायचं.

एवढं शहाणपण असलेला माणूस माझ्या डब्याकडे बघून पहिल्या दिवशी काय म्हणाला? म्हणाला, हा पंप आहे की खेळणं. मी सांगितलं, पुरतो. तर म्हणाले, पाण्याचं मला सांगू नकोस. मी डब्यात बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घातलं होतं, म्हणजे क्षार बसत नाहीत. त्यावरही बोलले. ते मेलेलं पाणी आहे म्हणाले, त्यात जीव नाही. मी म्हटलं, नाना, मला ते प्यायचं नाहीये. त्यांनी पाठ फिरवली.

पण चाललं हो मशीन. छान चाललं. लाल फिरकी गरगरत होती, आकडे खाली उतरले, आवाज गेला. मी पहाटे उठून बघायचे, काम पुढे सरकलेलं असायचं. हॉस्पिटलचा दरवाजा झाला, मग लॉबी झाली, लहान मुलांच्या वॉर्डात भिंतीवर मी ओवीनं काढलेलं झाड लावलं.

घरात मात्र भांडण वाढलं. उष्णता काही नाहीशी होत नाही, ती फक्त हलते. प्रोसेसरमधली पाण्यात, पाण्यातली रेडिएटरमध्ये, आणि रेडिएटरमधली बैठकीत, जिथं नानांचा दिवाण होता. ते म्हणाले, तुझं यंत्र थंड राहावं म्हणून मी भाजून निघायचं का? म्हणणं खोटं नव्हतं. पण मशीन ठेवायला घरात दुसरी जागा नव्हती, आणि त्यांना आतल्या खोलीत जा म्हटलं तर जात नव्हते. लाइट गेली की इन्व्हर्टरवर एक तर त्यांचा कूलर चालायचा, नाहीतर माझं मशीन. मी मशीन चालवायचे. ते टॉवेल ओला करून छातीवर घेऊन पडायचे, डोळे उघडे ठेवून, मला दिसेल असे. सुहास संध्याकाळी ऑफिसातून आला की दोघांचीही तोंडं बघून बूट न काढताच भाजी आणायला परत जायचा. यार, एका शब्दानं त्यानं कुणाची बाजू घेतली असती तर! नाही घेतली.

जूनमध्ये फिरकी मंदावली.

आधी मला वाटलं भास आहे. मग आकडे चढायला लागले, रोज थोडे थोडे. रेडिएटरची धूळ काढली, पंखा पुसला. डब्याकडे बघायला हवं होतं असं आता कुणीही म्हणेल. पण डबा म्हणजे नुसतं पाणी, त्यात काय बघायचं. आणि डब्यात पाणी कमी झालं तर भरायचं काम केव्हापासून तरी नानांनी स्वतःकडे घेतलं होतं. मला न विचारता. पाणी दिसलं की त्यांचा हात राहात नसे. मी म्हटलं, करू देत, तेवढा वेळ तरी माझ्या मराठीवरून लक्ष उठेल.

दुपारचं मशीन पुन्हा बंद पडायला लागलं. नाना दाराशी उभे राहून म्हणाले, मी सांगितलं होतं, पंप कमी पडतोय. मी म्हटलं, पंप तोच आहे, महिनाभर पुरला, आज का कमी पडेल? दुसरंच काही असणार, मला बघू दे. ते म्हणाले, तीस वर्षं मी पाणी चढवलंय. मी म्हटलं, माझ्या टेबलाखालचं नाही चढवलं. ओवी मधे उभी होती, ती रडायला लागली. त्यावर ते म्हणाले, बघ, पोरीला रडवलंस. म्हणजे तेही माझ्याच माथी.

दुसऱ्या दिवशी मी गुडगावला गेले, मॅडमना भेटून थोडे दिवस वाढवून मागायला. मेट्रो थंड, ऑफिस त्याहून थंड. काचेच्या भिंती, आत मुली कानाला हेडफोन लावून कामात. त्यातलं एक टेबल रिकामं होतं, खिडकीजवळचं. मी त्याच्याकडे बघू नये म्हणून दुसरीकडे बघत होते. मॅडमनी चार दिवस दिले. म्हणाल्या, त्यानंतर माझ्या हातात नाही.

घरी आले तर बैठकीत पाण्याची ओल, जमिनीवर पाना आणि कापलेल्या नळ्या, आणि नाना दिवाणावर ताठ बसलेले. माझा पंप खिडकीत काढून ठेवलेला. उन्हात चावडी बाजारला जाऊन, रिक्षा करून, त्यांनी कारंज्याचा पंप आणला होता. बागेत असतो तो, पुरुषभर उंच पाणी उडवणारा. डब्यात बसवूनही टाकला होता. काचेच्या डबीत फिरकी एवढ्या जोरात फिरत होती की लाल रंग दिसत नव्हता, नुसती गुलाबी चकती. आकडे उतरले होते.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. माझ्या वस्तूला हात लावलात कसा, हा त्यातला सर्वांत सभ्य भाग. नाना एवढंच म्हणाले, चालतंय ना? आणि चालत होतं. त्याचाच मला जास्त राग आला. रात्री फोनवर सुहासच्या मोठ्या भावाला सांगत होते, सूनबाईचं मशीन मी रांगेला लावलं. दोन दिवस घरात तेच चाललं होतं. शेजारचे गुप्ताजी येऊन फिरकी बघून गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पोळ्या करत होते. बैठकीतून एक बारीक ‘टक्’ असा आवाज आला. गेले तर ब्लॉकच्या तोंडाशी नळीचा जोड निसटलेला, पाणी मशीनच्या आतल्या बोर्डावर, जळक्या प्लॅस्टिकचा वास, आणि पडदा काळा. मुख्य बटण बंद करेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. कारंज्याचा पंप बिचारा खाली डब्यात इमानेइतबारे पाणी उडवतच होता.

मॅडमना फोन केला. त्या ओरडल्या नाहीत. फाइली शाबूत आहेत ना, पाठवून दे म्हणाल्या. उरलेलं काम त्यांनी दुसऱ्या एका मुलाकडून करून घेतलं. फिल्म चांगली झाली, असं ऐकलं. ओवीचं झाड तसंच ठेवलं होतं त्यानं. खिडकीजवळचं टेबलही त्यालाच मिळालं.

ते फोनवरचं बोलणं संपलं तेव्हा दुपार होती. सुहास ऑफिसात, ओवी शेजारी खेळायला, नाना आतल्या खोलीत. हो, आता गेले होते आतल्या खोलीत, आता जागेची गरज नव्हती तेव्हा. मी जमिनीवर बसले आणि ब्लॉक उघडला. जोड का निसटला ते मला बघायचंच होतं. नानांचा पंप मोठा, एवढं धरलं तरी पाण्याला पुढे वाट असती तर जोड सुटला नसता.

झाकण निघालं. आतल्या फटी दिसतच नव्हत्या. वर तपकिरी लोकरीचा गालिचा अंथरलेला होता. बोटानं उचलला तर एक पट्टाच निघाला, तंतू तंतू एकमेकांत विणलेले. मी नाकाशी नेला.

वाळा.

डब्याचं झाकण काढलं. पाणी फिकट चहासारखं. तळाशी कारंज्याच्या पंपाच्या तोंडाला मलमलची पुरचुंडी चिकटून बसली होती, एका बाजूनं ओढून फाटलेली. माझ्या लहान पंपानं तिच्यातले तंतू हळूहळू ओढले असणार, म्हणून फिरकी मंदावली. या मोठ्यानं तिचं पोटच फाडलं आणि उरलंसुरलं सगळं माझ्या फटींत नेऊन कोंबलं. वर पांढऱ्या दोऱ्याची गाठ होती. दोन फेरे उलटे, एक सुलटा. दात लावून ओढलेली.

मी ती पुरचुंडी मुठीत घेतली आणि उठले. हातातून पाणी गळत होतं. काय बोलायचं ते मला पाठ होतं. सात वर्षांचं सगळं एकदम बोलणार होते. शब्द सुधारलेत, माठाला हात लावू दिला नाहीत, आणि आता हे. वाट तपासावी आधी, मग मोटर, हो ना नाना? वाट तुम्हीच बुजवलीत. पंपसुद्धा तुम्हीच आणलात. त्यांचीच गोष्ट त्यांच्याच तोंडावर फेकणार होते. अशी संधी आयुष्यात एकदाच येते आणि मला ती घालवायची नव्हती.

नाना आतल्या खोलीतून उठून माठाजवळ स्टुलावर बसले होते. मला बघून त्यांनी मान वर केली. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. आधी तेच बोलले.

“ती नोकरी गेली का गं?”

मी मान हलवली. मूठ पाठीमागे होती, ती का नेली होती मला माहीत नाही.

“पंपात माझं काहीतरी चुकलं,” ते म्हणाले. असं वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. “घाई केली. थोडेच दिवस उरले होते तुझ्याकडे.” मग म्हणाले, “पाणी तेवढं मी चांगलं ठेवलं होतं. मेलेलं पाणी ते, त्यात वाळा टाकत होतो रोज बदलून. दिवसभर त्या झळेपुढे बसतेस. म्हटलं, तेवढाच गारवा.”

मी तिथून निघून आले. मोरीत जाऊन नळ सोडला. टाकीतलं पाणी, चटका देणारं. त्याच्याखाली हात धरून उभी राहिले.

मी त्यांना सांगितलं नाही. लोकांना वाटेल, किती मनाचा मोठेपणा. अजिबात नाही. सांगितलं असतं तर म्हातारा रडला असता, आणि मग मला त्यांची समजूत घालावी लागली असती. जाऊ द्या नाना, होतं असं, मशीनच ते, असं म्हणावं लागलं असतं. ज्या दिवशी माझं सगळं गेलं त्या दिवशी त्यांचे डोळे पुसायला मी बसणार नव्हते. तेवढी मी चांगली नाही. पुरचुंडी कागदात गुंडाळून टेबलाच्या खालच्या खणात टाकली. पुरावा म्हणून. कधीतरी कामाला येईल, पुढच्या भांडणात.

भांडणं पुष्कळ झाली नंतर. भांडायला म्हणून तो खण काही उघडला नाही.

पुढे मी फरीदाबादच्या एका लहान कंपनीत लागले, तिथंच आहे. काम बरं आहे. नऊ वाजता पर्स घेऊन निघते, नाना विचारतात कुठे, मी म्हणते ऑफिसला. घरी नवं मशीन आहे, साधं, पंख्याचं. आतल्या खोलीला एसी लावला, बैठकीत अजून कूलर. नाना आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत आणि अजून माझं मराठी सुधारतात. ओवीचं तर त्यांनी सोडूनच दिलंय. कुणी पाहुणे आले की त्या उन्हाळ्याची गोष्ट सांगतात. कॉलनीच्या गोष्टीची जागा आता तिनं घेतली आहे. सूनबाईचं मशीन कसं तापायचं, पंप कसा आणला, जोड कसा सुटला. शेवटी म्हणतात, मशीनच भिकार होतं, पाणी मात्र माझं उत्तम होतं. पाहुणे माना डोलावतात. मी चहाचे कप उचलते.

आणि दर मे महिन्यात ते दोन पुरचुंड्या बांधतात. एक माठासाठी, एक मला. मशीन बदललं, त्यात पाणी नाही, हे त्यांना सुहासनं सांगून झालं, ओवीनं सांगून झालं. ते म्हणतात, असू दे.

परवा पुन्हा दाराशी आले. बोटं नीट वळत नाहीत आता. गाठीचा सुलटा फेरा बसलेला नव्हता, दोरा लोंबत होता. दात लावायला दात राहिलेले नाहीत. म्हणाले, “हे तुझ्या मशीनला. माठाचं मी बघतो.”

मी म्हटलं, “टाकते.”

ते जाईपर्यंत मी थांबले. मग ती गाठ सोडून परत बांधली, दोन फेरे उलटे, एक सुलटा, आणि दात लावून ओढली. खालचा खण उघडला. तिथं आधीच्या सगळ्या आहेत, वाळून हलक्या झालेल्या, तळाशी ती कागदातली. वास एकदम अंगावर आला. नानांचा राग करायचा म्हणून मी तो खण इतकी वर्षं जपला, आणि त्यात साठलं काय, तर हे. धड राग धरायचीसुद्धा सोय ठेवली नाही या माणसानं.